हज्जा करीमानच्या खुर्च्या

चहाचा पेला घेऊन इन्शिराह जिना उतरून खालच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. काल संध्याकाळी बसवलेलं कपाटाचं डावं दार परत उतरवून जमिनीवर आडवं टाकलेलं होतं. तिचा नवरा शवादफी त्याच्याशेजारी उकिडवा बसून बिजागरीची जागा पटाशीने कोरत होता.

"परत काढलंत?"

"घासत होतं."

"काल नव्हतं घासत. मी स्वतः उघडझाप करून बघितलं."

"तुला नाही कळलं. वरच्या कोपऱ्यात घासत होतं."

"मला नाही कळलं, हनादीला नाही कळलं, जावयाला तर त्याच कपाटात कोंडून बाहेरून कडी घातली तरी कळायचं नाही. मग कुणासाठी चाललंय हे?"

शवादफीने फुंकर मारून भुसा उडवला. तो तिच्या चहात पडला. तिने पेला तसाच त्याच्यासमोर आदळला आणि वर निघून गेली.

गुरुवारी हनादीचं सामान सासरी जायचं होतं. दुमयातमध्ये लेकीचा संसार बापाने मांडून द्यायचा असतो. पलंग, कपाट, आरशाचं मेज, सगळं उघड्या ट्रकवर चढवून, ढोल वाजवत, गल्ल्यागल्ल्यांतून मिरवत न्यायचं. म्हणजे बायकांना गच्चीवरून नीट बघता येतं आणि पुढच्या लग्नापर्यंत बोलायला विषय पुरतो. अख्ख्या इजिप्तच्या नवरीमुलींचं सामान या गावात बनतं. आणि इथल्याच सुताराच्या मुलीचं कपाट दाराविना उभं होतं. या कपाटापायी लग्न एकदा पुढे ढकलून झालं होतं. आता पुन्हा ढकलायचं म्हटलं तर नवरदेव मोताझची आई, हज्जा करीमान, काय काय बोलेल याची इन्शिराह भांडी घासताना उजळणी करत असे. शेवटी शेवटी तर हज्जाची वाक्यं तिला पाठ झाली होती.

शवादफी मुळात असा नव्हता, हेच तिचं दुखणं होतं. जन्मभर एकेका कामाला चिकटून बसणारा नवरा असता तर तिने केव्हाच नशिबाला बोल लावून मन मोकळं केलं असतं. पण हा माणूस तरुणपणापासून शिरबीनीच्या कारखान्यात खुर्च्यांचे सांगाडे ठोकत आला होता आणि तिथे त्याच्यासारखा झपाटा कुणाचा नव्हता. पाय, पाठ, हात. मध्ये थोडा सरस, वरून पिनांची बंदूक, फट राहिलीच तर सरसात भुसा कालवून लिंपायची, की निघाली खुर्ची सोनेरी रंगाला. संध्याकाळी घरी येऊन हात धुतले की काम विसरला. कारखान्यात एक म्हातारा होता, एकेका पायाला अर्धा दिवस घासत बसणारा. जेवताना शवादफी त्याची हुबेहूब नक्कल करायचा. "याची खुर्ची तयार होईस्तोवर बसणारा कबरीत," असं म्हणायचा आणि घर हसायचं. इन्शिराह सगळ्यांत जास्त हसायची. त्या झपाट्यावरच तर मुलं शिकली होती आणि घरावर एक मजला चढला होता.

मग मोताझच्या घरी लग्नाची बोलणी झाली. तिथून परत येताना, जिन्यातच, शवादफीने जाहीर केलं की हनादीच्या खोलीचं सामान तो स्वतः करणार. खाली, त्याच्या बापाची हत्यारं होती त्या खोलीत. झान झाडाचं अस्सल लाकूड, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. खिळा नाही, पिन नाही. बापाने शिकवलं होतं तसं.

इन्शिराहला त्या दिवशी आनंद झाला होता. तिने शेजारणींना सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, आणि हज्जा करीमानला फोन करून सांगितलं. तिथेच ती फसली.

कारण हात विसरले होते. शवादफीने हे कधी तोंडाने कबूल केलं नाही, पण तिला दिसत होतं. खणाच्या फळ्यांना दात पाडून ते एकमेकांत गुंतवायचे, तर एक दात जाड व्हायचा, एक बारीक. फळी बसली तर खण वाकडा, आणि खण सरळ तर कपाटात शिरायला तयार नाही. पहिलं लाकूड वाया गेलं, मग दुसरं आलं. कारखान्यातून सुट्टी घेऊन तो दिवसभर खाली बसे आणि वर जेवायला येताना कुणाचा तरी खून करून आल्यासारखा चेहरा घेऊन येई. एकदा ती न बोलावता खाली गेली, तेव्हा तो एका फटीत भुसा आणि सरस लिंपत होता. तिला बरं वाटलं. म्हटलं, आला माणूस ताळ्यावर. पण तिच्या देखतच त्याने ओला लगदा पटाशीच्या टोकाने पुन्हा उकरून काढला आणि फळी भिंतीवर भिरकावली.

चहात भुसा पडला त्या दिवशी दुपारी हनादी नोकरीवरून आली. ती बंदराच्या कचेरीत कारकून होती. तिने उतरवलेलं दार पाहिलं आणि पिशवीही खाली न ठेवता रडायला लागली.

"बाबा, मला हे कपाट नको. मला कुठलंही चालेल. प्लायवूडचं चालेल. मला फक्त लग्न करायचंय."

"चार दिवस थांब."

"परवा ट्रक येणार आहे. त्याच्यावर काय ठेवू? तुम्हालाच बसवू?"

"दार तेवढं राहिलंय."

"आणि खण? त्यातला एक उघडत नाही, आणि एक उघडला की बंद होत नाही. मोताझची बहीण विचारत होती, तुमचे बाबा सुतारच आहेत ना, म्हणून."

शवादफीने रंधा उचलला आणि दाराची कड तासायला लागला. हनादी पाय आपटत वर गेली. इन्शिराहचा मात्र तोल सुटला.

"मी सांगू, हे सगळं कशापायी चाललंय? त्या खुर्चीपायी."

रंधा थांबला.

"कसली खुर्ची?"

"आता कसली खुर्ची म्हणून विचारा. हज्जा करीमानच्या दिवाणखान्यात बसला होतात ती. तिचा मागचा पाय हलत होता. तुम्ही बसता बसता खालून हात फिरवलात आणि तोंड एवढंसं झालं. मग ती म्हणाली, हल्ली दुमयातचं काम कसलं, सगळा दिखावा. तुम्ही सरबताचा पेला खाली ठेवलात तो परत उचलला नाहीत. मी आंधळी नाही."

त्याने अंगठ्याने रंध्याचं पातं पुसलं. "खालच्या पट्टीला माझी खाच होती. कुणी किती खुर्च्या केल्या ते मोजायला आम्ही पाडतो ती."

"असेल. मग काय झालं? हजारो घरांत असेल. तुमच्या खुर्च्यांनी पोट भरलं आपलं. त्याची लाज वाटायची होती तर आधी वाटून घ्यायची. नेमकी माझ्या मुलीच्या लग्नात कुठून सुचली?"

तो पुन्हा तासायला लागला. इन्शिराहने डोक्याला रुमाल बांधला आणि ती थेट शिरबीनीच्या कारखान्यावर गेली.

शिरबीनी मालक गल्ल्यावर बसून पाव आणि खारं चीज खात होता. तिला बघताच त्याने खुर्ची पुढे सरकवली. ती त्या खुर्चीकडे संशयाने बघून उभीच राहिली.

"हनादीच्या आई, मला ठाऊक होतं तुम्ही येणार," तो म्हणाला. "मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, हे काम रोज करणाऱ्याचं. तुझा हात आता दुसऱ्या वळणावर गेला. माझ्याकडे त्याच्याएवढं भराभर काम कुणी करत नाही, आणि हा माणूस खाली बसून एका खणाशी झटापट करतोय."

"मला झोपायच्या खोलीचा तयार संच पाहिजे. परवा सकाळी."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला ट्रक आल्यावर कळेल."

मालकाने तिला मागच्या गोदामात नेलं. तिने दुधी रंगाचा, सोनेरी वेलबुट्टीचा, आरशासारखा चकचकीत संच निवडला. कपाटाला आत दिवा होता. दार उघडलं की लागायचा. तो दिवा बघून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या जिवाला जरा थंडावा मिळाला.

गुरुवारी सकाळी ट्रक आला तो भरलेलाच आला. शवादफी खालच्या खोलीच्या दारात उभा होता, अंगावर भुसा, हातात पॉलिशपेपर. त्याने ट्रककडे बघितलं, मग बायकोकडे. ती तयारीतच होती. त्याने तोंड उघडायच्या आत फैलावर घ्यायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. पण त्याने पॉलिशपेपर खिशात घातला, वर जाऊन आंघोळ केली, इस्त्रीचा झब्बा घातला आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. ढोल वाजायला लागले. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. सगळी वरात तिने त्याच्या मानेकडे बघत काढली.

मोताझच्या नव्या घरात बायकांची गर्दी उसळली होती. शिरबीनीची माणसं कपाट उभं करून गेली, गादी अंथरली गेली, आरसा पुसला गेला. हज्जा करीमान सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली. धिप्पाड बाई, आवाज मशिदीच्या भोंग्यासारखा. तिने कपाटाचं दार उघडलं. आत दिवा लागला. बायकांनी जिभा थरथरवून आनंदाचा कल्लोळ केला.

"बघा," हज्जा म्हणाली. "लग्न पुढे ढकललं तेव्हा मी काय नाही बोलले. आता सगळं मागे घेते. याला म्हणतात उस्ताचा हात, कसलेल्या सुताराचा. उस्ता, देव तुमचे हात सलामत ठेवो."

सगळ्या माना शवादफीकडे वळल्या. तो भिंतीशी उभा होता. इन्शिराहने डोळ्यांनी जे काही सांगता येतं ते सगळं सांगितलं. नुसतं मान खाली घालून हसायचं होतं. तेवढंच. बाकी जगात कुणी विचारायला येणार नव्हतं.

"हज्जा, हे माझं नाही," शवादफी म्हणाला. "हे शिरबीनीकडचं तयार सामान आहे. मी करत होतो ते झालं नाही."

"झालं नाही म्हणजे?"

"जमलं नाही."

बायकांमध्ये कुजबूज झाली. हनादीने ओढणीचा शेव तोंडाशी धरला. हज्जा करीमान गोंधळली होती. ती बाई तोंडाळ होती, पण मुद्दाम कुणाला खाली बघायला लावणारी नव्हती. काहीतरी बोलून वेळ निभावून न्यावी म्हणून तिने विचारलं, "असू दे, असू दे. पण काहीतरी तुमच्या हातचं असेल ना यात? पलंग? मेज?"

"यातलं काही नाही. तुमच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या तेवढ्या माझ्या."

"कुठल्या? थोरल्याच्या लग्नात घेतल्या त्या सोनेरी?"

"त्याच."

"त्यातल्या एकीचा पाय—"

"माहीत आहे. मी बसलो होतो तिच्यावर."

खालून ढोलांचा आवाज येत होता. कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं, आतला दिवा उगाच जळत होता. इन्शिराहला वाटलं, त्या कपाटात शिरावं आणि दार ओढून घ्यावं.

हज्जाने शवादफीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग उस्ता," ती म्हणाली, "त्या येऊन दुरुस्त करायच्या की नाही?"

"येतो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

लग्न लागलं. हनादी सासरी गेली. पाहुणे पांगल्यावर इन्शिराहने साचवून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं.

"गप्प बसायला काय गेलं असतं तुमचं? कोण विचारायला येणार होतं?"

"ती जन्मभर सांगत बसली असती, हे माझ्या व्याह्याने केलं म्हणून. दोन वर्षांनी त्याचं दार लोंबलं असतं."

"अहो, लोंबलं असतं तेव्हा बघितलं असतं. आता काय मिळवलंत? मुलीच्या सासरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलंत, तुमच्या मोडक्या खुर्च्या माझ्या म्हणून. अशी बढाई मारणारा माणूस मी आयुष्यात बघितला नाही."

"बढाई नाही मारली."

"मग काय होतं ते?"

त्याने खांदे उडवले आणि कूस वळवून झोपला. त्याला झोपही लागली, याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

शनिवारी तो शिरबीनीच्या कारखान्यात परत रुजू झाला. खाली ते कपाट तसंच उभं राहिलं, एका दाराचं. काही दिवस इन्शिराह वाट बघत होती की तो पुन्हा हात घालेल. मग तिने त्यात कांद्यांची पोती ठेवायला सुरुवात केली. एकदा पोतं आत सरकवायला तिला मदत करताना त्याने कपाटाच्या आतल्या फळीवरून अंगठा फिरवला आणि लगेच काढून घेतला.

कारखान्यात त्याचं काम पूर्वीसारखंच चालू होतं. सरस, पिना, भुशाचा लगदा. तिने शिरबीनीच्या बायकोकडून माहिती काढली होती: झपाटा जराही कमी झाला नव्हता. आणि दर शुक्रवारी, नमाज आणि जेवण आटोपलं की, हा माणूस बापाची हत्यारं पिशवीत भरून हज्जा करीमानच्या घरी जायचा.

"सहा दिवस खुर्च्या बिघडवायच्या," इन्शिराह म्हणाली, "आणि सातव्या दिवशी त्याच दुरुस्त करायच्या. जरा डोकं वापरलंत तर मधली खेप वाचेल."

"मालकाला खुर्ची त्या दरात पाहिजे असते. त्या दरात तशीच होते."

"आणि हज्जाला?"

"हज्जाला मी कबूल केलंय."

तिला वाटलं होतं, एका पायाला चार खिळे मारून परत येईल. त्याने तर पहिली खुर्ची पूर्ण सुटी केली. कापड काढलं, फोम काढला, पिना एक एक करून पकडीने उपसल्या, पायाची तोंडं नव्याने कापली. संध्याकाळ झाली तरी खुर्ची उभी राहिली नाही. पुढच्या शुक्रवारी राहिली. हज्जाने ती हलवून बघितली, मग तिच्यावर सगळं वजन टाकून बसली, आणि मोठ्याने म्हणाली, "हं." एवढंच म्हणाली. सांधा अगदी नीट मिळाला नव्हता. केसाएवढी फट राहिली होती, आणि शवादफीने ती तशीच ठेवली होती.

हे असं किती शुक्रवार चालणार, या विचाराने इन्शिराहचं डोकं उठलं होतं. मुलीच्या सासरी दर आठवड्याला बाप पिशवी घेऊन हजर, म्हणजे लोक काय समजतील. म्हणून एका शुक्रवारी तीही बरोबर गेली. निदान भेटीला गेल्यासारखं तरी दिसेल. कांदा-मनुका भरलेलं बदक केलं होतं, आणि बाजारातून मुशब्बकही घेतली, ती जिलबीसारखी पाकातली.

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. या वेळी त्याने उरलेल्या सगळ्या खुर्च्या एकदमच उलट्या घातल्या होत्या. सोनेरी पाय आढ्याकडे करून त्या पडल्या होत्या. हनादी आणि हज्जा स्वयंपाकघरात चहा करत होत्या. इन्शिराह उंबऱ्यात उभी राहून कुठे टेकावं याचा अंदाज घेत होती, तोच शवादफीने न बघता हात पुढे केला.

"इकडे ये. हे धर."

"मी पाहुणी म्हणून आलेय."

"पटकन. सरस लावलाय."

ती गुडघ्यावर बसली. त्याने एक पाय आणि एक आडवी पट्टी तिच्या दोन्ही हातांत दिली आणि तिची बोटं स्वतःच्या बोटांनी दाबून जागेवर बसवली. "असंच. हलवू नकोस. माझ्याकडे आवळून धरायचे शिकंजे दोनच आहेत आणि ते दोन्ही पलीकडे लावलेत."

"किती वेळ?"

"धरेपर्यंत."

तो चेहरा लाकडाला टेकवून, एक डोळा मिटून, पायाची रेघ बघायला लागला. तिचे गुडघे दुखायला लागले. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बोललं की हात हलत होते, आणि हात हलले की तो मान वर करून बघत होता.

तेवढ्यात दार वाजलं. हज्जाची बहीण आणि तिच्या दोन सुना रास अल-बर्रहून आल्या होत्या, नव्या नवरीला बघायला, रेशमी ओढण्या आणि अत्तराचा घमघमाट घेऊन. "या, या, बसा," हज्जा सवयीने म्हणाली आणि मग तिने खोलीभर नजर फिरवली. दुरुस्त झालेल्या खुर्च्यांवर शवादफीची हत्यारं मांडलेली होती; बसायला काहीच नव्हतं. इन्शिराहने उठायला एक गुडघा उचलला.

"सोडू नकोस," शवादफी हळू आवाजात म्हणाला.

"अहो, माणसं आलीत."

"सोडलंस तर परत सगळं कापावं लागेल."

हज्जाच्या बहिणीने भुवया उंचावल्या. "हे कोण?" तिने बहिणीला विचारलं, हळू म्हणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने.

"मोताझचे सासू-सासरे," हज्जा म्हणाली. मग क्षणभर थांबून म्हणाली, "खुर्च्या त्यांच्याच आहेत."

इन्शिराहच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिने तिथूनच, खाली बसल्या बसल्या, पाहुण्यांना सलाम केला. हनादी चहाचं तबक घेऊन आली आणि आईकडे बघून एकदम मान वळवून हसली. पाहुण्या बायकांनी पेले उचलले आणि भिंतीला पाठ लावून उभ्याउभ्याच प्यायला लागल्या. हज्जाही त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

इन्शिराहची ओढणी कपाळावरून घसरून एका डोळ्यावर आली होती. समोरचं धड दिसतही नव्हतं. ओढणी सावरायला तिने हात काढला नाही.